आत्याबाईंचं बोट आणि कुंडीतली माती

तर काल आत्याबाई त्या काचेच्या दारातून आत शिरल्या, तिथवर येऊन गप्पा थांबल्या होत्या. काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढंच सांगायचं, की आत्याबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानाच्या मालकीणबाई. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि जन्मभर विणलेल्या स्वेटरांचे नमुने, फोटोंसकट, इंटरनेटवर मांडले. आता वेबसाइट म्हटली की ती कुठल्यातरी होस्टिंगच्या कंपनीच्या मशीनवर ठेवावी लागते. लोक ही कंपनी घरबसल्या, चहा पिता पिता निवडतात. आत्याबाई जातीनं बघायला जायच्या. लग्नाचं स्थळ बघायला जावं तशा.

तर काचेच्या दाराआड, अशाच एका कंपनीत, टायवाला बसलेला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे बँडविड्थ अमर्याद! कितीही माणसं येऊ देत, कितीही फोटो बघू देत, दर तोच."

आत्याबाईंचं लक्ष कुठं? खिडकीशी एक कुंडी होती, त्या कुंडीत. टायवाला आकडे सांगतोय आणि बाईंनी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसलेली. खुपसलेली कसली, टेकवलेली; माती दगड झाली होती.

"हे झाड कोण बघतं?"

"झाड? एक माणूस यायचा."

"यायचा?"

"हल्ली येत नाही."

"का बरं?"

टायवाल्यानं टाय सरळ केला. तो सरळच होता. "त्याचं जरा... पैशांचं बोलणं चाललंय ऑफिसशी."

"चालू द्या," असं म्हणून आत्याबाईंनी रुमालाला बोट पुसलं आणि चालत्या झाल्या. थंडी सरायच्या आत त्या काचेच्या दाराला कुलूप लागलं. गावातल्या किती दुकानांच्या वेबसाइटी त्या कुलपामागं अडकल्या! फोन करावा तर नुसतं संगीत. तेव्हापासून आत्याबाईंच्या बोटाला जी किंमत आली, ती कुठल्या अंगठीला आली नसेल. किराणावाले, वकील, शिकवणीच्या बाई, सगळे आधी विचारायचे, "आत्याबाई कुठं गेल्या?" आणि मग आपलं बिऱ्हाड तिकडं हलवायचे.

आता तुम्ही म्हणाल, विणकामाच्या साइटीला एवढी काय बँडविड्थ लागते? अहो, लागते! आत्याबाई फोटो काढायच्या ते दाराएवढे. कुणी म्हणालं, जरा लहान करा, तर म्हणायच्या, "टाका दिसला पाहिजे. टाका दिसला नाही तर तो स्वेटर कसला, ते पोतं." मग एका बाहीचा फोटो उघडायचा म्हणजे मशीनला धाप लागायची. त्यातून जगात कुठंतरी थंडी असतेच. वारा सुटला की कुठल्या कुठल्या देशांतल्या बायाबापड्या, आणि हो, चांगले मिशीवाले बाप्येसुद्धा, आत्याबाईंच्या साइटीवर तुटून पडायचे.

बँडविड्थ म्हणजे काय, हे आत्याबाई अशा सांगायच्या की म्हशीलासुद्धा कळावं. "दुकानाचं दार किती रुंद, ही एक गोष्ट. महिन्याभरात त्या दारातून किती लोकर बाहेर गेली, ही दुसरी. होस्टिंगवाला कधी दाराचे पैसे घेतो, कधी लोकरीचे. आणि जो म्हणतो दार कितीही रुंद, लोकर कितीही न्या, दर एकच, त्याच्या दुकानात लोकर आहे का ते आधी बघावं."

हे त्या अनुभवानं बोलायच्या. पहिल्यांदा अशाच एका 'अमर्याद'वाल्याकडे त्या गेल्या होत्या. ऐन कडाक्यात, टोप्यांच्या नमुन्यांवर उड्या पडत असताना साइट बंद. कारण विचारलं तर कंपनी म्हणते, तुमचा वापर योग्य वापरापेक्षा जास्त झाला. "खानावळीच्या पाटीवर पोटभर लिहिलेलं असतं," आत्याबाई म्हणायच्या, "पण चौथ्यांदा वाढायला हाक मारली की वाढप्याचा चेहरा बघावा! अमर्याद म्हणजे मर्यादा त्यांना माहीत, आपल्याला नाही."

आता येऊ भाच्याकडं. खरी गंमत तिथं आहे.

आत्याबाईंना भाचा एकच, भावाचा मुलगा. चांगली केबल कंपनीत नोकरी होती, गणवेश होता, त्यावर खिशाशी नाव शिवलेलं होतं. ते सगळं सोडून या पठ्ठ्यानं शिवणाऱ्या मास्तरांच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आणि स्वतःचं होस्टिंग सुरू केलं. बाहेरच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या. आतल्या खोलीत लोखंडी जाळीचं कपाट, त्यात मशीनं, आणि मशीनांच्या पंख्यांची अखंड घूं घूं. बायको औषधांच्या दुकानात कामाला. ती दुपारी डबा घेऊन यायची तेव्हा हा त्या आवाजाकडं कान लावून बसलेला असायचा. ती म्हणायची, "माझ्या आवाजाला कधी असा कान लावला नाहीस." तो म्हणायचा, "तुझा पंखा कधी अडकत नाही ना." यावर डबा जोरात आपटला जायचा.

फुलवाली, दंतवैद्य, गाण्याच्या बाई अशी गिऱ्हाइकं होती, धंदा चालला होता, पण एक मेख होती. भाचा स्वतः बँडविड्थ घ्यायचा ती मोठ्या ठोक पुरवठादाराकडून. त्या पुरवठादारानं स्वस्त दर लावला, पण अटीवर: थंडी संपेपर्यंत अमुक इतका वापर झाला पाहिजे. झाला तर दर कायम. नाही झाला तर दर दुप्पट, आणि दुप्पट दरानं भाच्याचं दुकान चालायचं नाही, पुन्हा खिशाशी नाव शिवून घ्यावं लागणार. फुलवालीच्या आणि दंतवैद्याच्या साइटींनी तो आकडा काय गाठला जाणार? दंतवैद्याची साइट लोक एकदाच बघतात, तीही एक हात गालावर ठेवून. आकडा गाठायचा तर एकच मार्ग होता. कोपऱ्यावरच्या आत्याबाई.

"मग विचार की," बायको म्हणाली. "सख्खी आत्या आहे तुझी."

"तेच तर. नात्यातल्याकडं ती काहीच ठेवत नाही. म्हणते, लोणच्याची बरणी आणि वेबसाइट नात्यात देऊ नये; फुटली तर रडताही येत नाही."

तरी विचारलं. आत्याबाईंनी सुई चालवता चालवता ऐकून घेतलं, एक ओळ पूर्ण केली, आणि म्हणाल्या, "येते बघायला. गुरुवारी. बाकीच्यांना बघते तशीच बघणार हां. भाचा म्हणून सूट नाही."

झालं! भाचेबुवा दोन्ही खोल्या बघत सुटले. मशीनांची त्यांना काळजी नव्हती. जादा पंखे होते, जादा तारा होत्या, रोजच्या रोज सगळ्याची एक प्रत दुसऱ्या मशीनवर जात होती. काळजी एकच: दोन खोल्यांत झाडाचं पान नव्हतं.

"झाड आणतो," तो म्हणाला.

"तुला झाड सांभाळता येतं?" बायकोनं विचारलं.

"मशीनं सांभाळतो की."

"मशीन तहान लागली म्हणून मरत नाही."

पण ऐकतो कोण! रोपवाटिकेत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जुनं दिसेल असं झाड द्या."

रोपवाटिकेतली बाई हात झटकत म्हणाली, "जुनं दिसणारं देऊ, का जगणारं?"

"गुरुवारपर्यंत जगलं तरी चालेल."

बाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की पोलिसांना कळवावं की काय! मग तिनं एक रुंद पानांचं, चांगलं तीन वर्षांचं, पोक्त झाड दिलं. वर बजावलं, "पाणी बेतानं."

आता ते ठेवायचं कुठं? उजेड फक्त आतल्या खोलीच्या खिडकीतून यायचा. जमिनीवर ठेवलं तर टेबलाआड जाणार. भाचेबुवांनी डोकं लढवलं आणि झाड चढवलं थेट मशीनांच्या कपाटावर. दारातून पाऊल टाकलं की समोर झाड, त्याच्या पोटाखाली लुकलुकणारे हिरवे दिवे. लांबून बघून स्वतःवरच खूष झाला.

"ते खाली घे," बायको म्हणाली.

"खाली दिसत नाही."

"मशीनांवर पाणी ठेवतात का कुणी?"

"पाणी कुठाय? झाड आहे." उंटावरून शेळ्या हाकणारे आपण ऐकलेत, हा कपाटावरून आत्या हाकायला निघाला होता.

गुरुवार उजाडला. आत्याबाई कुठंही गेल्या की साबणही तपासायच्या, म्हणून बायकोनं न्हाणीघरात साबण ठेवला, एक सोडून दोन. "एक वासाचा आणि एक धुवायचा," म्हणाली. भाच्यानं शर्टाला इस्त्री केली, पुढून. मग तो झाडाकडं गेला. आत्याचं बोट मातीत जाणार, माती ओली हवी! त्यानं तांब्याभर पाणी घातलं आणि खाली मास्तरांकडून जादा खुर्ची आणायला गेला. तो गेला तेवढ्यात बायको आली. तिला वाटलं, हा मशीनांच्या नादात झाड विसरणारच. तिनंही तांब्याभर घातलं. वर परत आल्यावर भाच्याला वाटलं, मशीनांची इतकी ऊन हवा लागते, वरची माती सुकली असेल, उगाच ऐनवेळी फजिती नको. त्यानं आणखी थोडं घातलं. झाडाला काय, तोंड असतं तर ते ओरडलं असतं.

आत्याबाई आल्या. हातात विणकामाची पिशवी, नाकावर चष्मा, जिना चढून आल्यामुळं चेहऱ्यावर गुडघ्यांचा राग. आधी न्हाणीघरात गेल्या, हात धुऊन आल्या, हात हुंगले. खुर्चीत बसल्या.

"हं. दर सांग."

भाच्यानं चार दिवस पाठ केलेला आकडा सांगितला. "आत्या, तुला म्हणून जीबीला सहा रुपये. बाकीच्यांना दहा आहे."

"तुला कितीला पडतं?"

"म्हणजे?"

"वरचा पुरवठादार तुला कितीनं देतो? मराठीतच विचारलं ना?"

भाच्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं छताकडं बघितलं. "आठ," तो पुटपुटला.

"आठाला घेऊन सहाला विकणार?"

"सुरुवातीला, आत्या. घरचं माणूस म्हणून."

"घरचं माणूस म्हणून मला बुडवणार! अरे शहाण्या, तू माझ्यावर दोन-दोन घालवत बसलास तर पुढच्या थंडीत तुझं दुकान असेल का? मग माझे स्वेटर कुठल्या खुंटीला टांगू? स्वस्त लोकर विकणाऱ्याकडून मी कधी लोकर घेतली नाही. एक धुणं झालं की स्वेटर पोराला होतो."

"मग नऊ?" भाचा म्हणाला.

"अकरा."

"बाकीच्यांना दहा आहे, आत्या!"

"बाकीच्यांचे फोटो माझ्याएवढे आहेत का? थंडीत तुझं दार मी एकटी अडवणार. अकरा."

"साडेनऊ."

"साडेदहा, आणि आता तोंडातून शब्द काढलास तर पावणेअकरा करीन."

बायकोनं तोंडाला पदर लावला. खालती मास्तरांचं शिलाई मशीन खटखटत होतं, तेही क्षणभर थांबलं म्हणतात. गिऱ्हाईक दर चढवतंय आणि दुकानदार उतरवतोय, अशी घासाघीस त्या जिन्यानं कधी ऐकली नव्हती. भाच्याच्या मनात मात्र गुदगुल्या झाल्या. दर ठरवला म्हणजे येणारच की! वापराचा आकडा गाठला, दुकान वाचलं, खिशाशी नाव शिवायचं संकट टळलं. तो उठला आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "चल आत्या, आता मशीनं बघ."

आत्याबाई आत गेल्या. मशीनांकडं एक नजर टाकली. मग मान वर केली. झाड बघून त्यांच्या भुवया चष्म्याच्या वर आल्या.

"स्टूल दे."

भाच्यानं स्टूल दिलं, हात दिला. आत्याबाई चढल्या. तर्जनी बाहेर काढली आणि मातीत घातली. बोट घातलं ते सरळ मुठीपर्यंत आत गेलं.

"अरे, ही कुंडी आहे का डबकं?"

आणि त्या मुठीनं कुंडी हलली, तिच्याखालच्या बशीतलं पाणी डचमळलं. काठाला टेकलेलं ते पाणी काठावरून ओघळलं, जाळीतून खाली गेलं आणि मागच्या विजेच्या पट्टीवर टपकलं. तड! निळी ठिणगी उडाली, करपट वास आला, आणि हिरवे दिवे सगळे एकदम मिटले. घूं घूं थांबली. त्या खोलीत इतकी शांतता भाच्यानं कधी ऐकली नव्हती. एकेक पंखा गरगरत, मंद होत, थांबला. त्याबरोबर भाच्याचा जीवही.

स्टुलावरून आत्याबाईंनी विचारलं, "काय झालं रे?"

आता बघा, माणसाची परीक्षा असली तर अशा वेळी असते. भाच्याच्या जिभेवर आयतं वाक्य आलं होतं. साधं, सोपं, जगातला प्रत्येक होस्टिंगवाला वापरतो ते.

"वीज..." त्यानं सुरुवात केली.

खाली मास्तरांचं मशीन चालू झालं. खट खट खट खट. विजेवर चालणारं.

भाच्यानं तोंड मिटलं. मग म्हणाला, "वीज नाही गेली, आत्या. मी पाणी जास्त घातलं. झाड जुनंच आहे असं दिसावं म्हणून... म्हणजे झाड माझं नाहीच. म्हणजे माझंच आहे, पण परवाचं."

"मीही घातलं पाणी," दारातून बायको म्हणाली.

भाचा वळला. "तू? कधी?"

"तू खुर्ची आणायला गेलास तेव्हा."

"मी त्याच्या आधी घातलं होतं! आणि नंतरही!"

"नंतरही?"

आत्याबाई स्टुलावरच उभ्या. एकदा याच्याकडं बघतात, एकदा तिच्याकडं. पण भाचा आता भांडायलाही थांबला नाही. त्यानं आधी मुख्य बटण बंद केलं. आत्याला उतरवलं. झाड उचलून जिन्यात ठेवलं. बायकोनं न सांगता पुसायला फडकी आणली, त्यानं कपाट मागून पुसलं. पाणी पट्टीच्या खाली गेलं नव्हतं. मशीनं कोरडी होती. जादाची पट्टी नेहमीच्या खिळ्याला टांगलेली होती, ती जोडली. मग मशीनं एकेक करून उठवू लागला. एक सुरू झालं की त्याच्या पंख्याचा आवाज ऐकायचा, मान हलवायची, मग दुसरं. आणि ती सगळी जागी होतायत तोवर त्यानं फोन उचलला.

आत्याबाई बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. पिशवीतून विणकाम काढलं. सुया चालू, कान भाच्याकडं.

"फुलवाल्या ताई? तुमची साइट आत्ता बंद पडली होती. होईल सुरू, थोडा वेळ लागेल. नाही, वीज नाही गेली. मी झाडाला पाणी घातलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कपाटावर होतं. हो. मशीनांच्या कपाटावर. हो ताई, मलाही आता तसंच वाटतंय." पलीकडून बराच सल्ला आला, तो त्यानं निमूट ऐकला. फुलवालीच ती, तिचा धंदाच झाडांचा.

मग गाण्याच्या बाई. मग दंतवैद्य. दंतवैद्य इतके हसले की खुर्चीतल्या पेशंटनं तोंड उघडं ठेवूनच काय झालं म्हणून विचारलं, असं ते पुढं सांगायचे. एकालाही भाच्यानं 'तांत्रिक कारण' सांगितलं नाही. प्रत्येकाला झाड सांगितलं. प्रत्येक वेळी कान थोडे अधिक लाल झाले.

शेवटचा फोन ठेवला तेव्हा आत घूं घूं पुन्हा भरून आली होती. सगळे हिरवे दिवे लागले होते. भाचा दाराच्या चौकटीला टेकला. शर्ट पुढून भिजलेला, मागून चुरगळलेला. घोड्याला तबेल्याच्या दारात नेऊन लाथ खावी, तशी गत. त्याला समोर खिशावरचं स्वतःचं शिवलेलं नाव दिसायला लागलं होतं.

बायकोनं पाण्याचा पेला पुढं केला आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत घेतला. "पाणी नको," म्हणाली, "आज पुरे झालं."

आत्याबाई मान खाली घालून विणत होत्या. ओळ संपवायच्या आधी त्या कधी बोलत नसत, हे भाच्याला लहानपणापासून ठाऊक. तो थांबला. ओळ संपली. सुई काखेत अडकवून त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

भाच्याला राहवेना. "आत्या, आता तू काही साइट इथं आणणार नाहीस. हो ना?"

आत्याबाईंनी जिन्यातल्या झाडाकडं बघितलं, मग आतल्या हिरव्या दिव्यांकडं, आणि म्हणाल्या, "आजवरच्या कंपन्यांनी मला बंद पडल्याचं कधी आपणहून कळवलं नाही, तू आख्ख्या गावाला कळवलंस, तेव्हा साइट तू घे, झाड मी नेते, आणि दर आता पावणेअकरा, मध्ये बोललास म्हणून."